बुचम्माचा पडदा

बुचम्माला दवाखान्यातली नोकरी मिळाली ती नवरा गेल्यावर, त्याच्या बदली. आमच्या कोळसा खाणीत तशी रीत होती. माणूस खाली दबला की त्याच्या घरातल्या एकाला वर काम. तिचा नवरा आमच्याच टोळीतला. आम्ही लाकूडवाले. कोळसा काढत माणसं पुढं सरकली की मागं छत उघडं पडतं. त्याला साल झाडाच्या लाकडाचे खांब लावायचे, खांबावर फळी, मध्ये पाचर, आणि पाचर ठोकून सगळं घट्ट करायचं. सैल खांबापेक्षा न लावलेला खांब बरा. सैल खांबाच्या भरवशावर माणूस खाली जाऊन उभा राहतो.

त्या दिवशी छताला तडा होता. आधीच्या पाळीतल्या लोकांना तो दिसला होता. त्यांना घरी जायची घाई होती, ते कुणाला न सांगता वर गेले. तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ रायमल्लू शेजारीच पाचरी तासत होता. त्यानंच भावाला दगडाखालून उकरून काढलं. पुढं रायमल्लू आमचा मुकादम झाला. वहिनीच्या नोकरीसाठी ऑफिसच्या पायऱ्याही त्यानंच झिजवल्या. हे आधी सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात रायमल्लूला कुणी दुष्ट समजू नये.

बुचम्मा आया म्हणून लागली. फरशी पुसायची, सुया उकळायच्या, जखम धुवायची, रक्त काढताना माणसाचा हात धरायचा, औषधाच्या पुड्या द्यायच्या. शिकलेली नव्हती, पण औषधांवरची अक्षरं बघून बघून ओळखायला शिकली. तिच्या कामाबद्दल मला बोलायचा अधिकार आहे, कारण मी आयुष्यभर दुसऱ्याच्या हातानं लावलेल्या खांबाखाली उभा राहिलो आहे. ती करायची ते काम पुरं असायचं. कोपऱ्यात झाडू फिरला का, हे बघायला मागून कुणाला जावं लागत नसे.

तिची एक गोष्ट मात्र सगळ्या वस्तीला खुपायची. पडदा.

दवाखान्याच्या मोठ्या खोलीच्या एका बाजूला तिनं जुन्या चादरींचा पडदा शिवून लावला होता. पडद्यामागं एक बाक, एक टेबल, डॉक्टरची खुर्ची आणि मागच्या अंगणात उघडणारं दार. नियम असा की जो येईल तो पडद्यामागं जाणार आणि मागच्या दारानं बाहेर पडणार. खोकला असो, खरूज असो, बायकांचं काही असो. पुढून कुणी परत यायचं नाही. औषध एकाच आकाराच्या कागदी पुडीत, वरून दोरा. आत गोळी कसली ते बाहेरून कळायचं नाही.

मी पहिल्यांदा गेलो तो तळहातात लाकडाची सल घुसली म्हणून. पुढच्या बाकावर बसून हात पुढं केला. तिनं पडद्याकडं बोट केलं. मी म्हटलं, अक्का, सल आहे, चिमट्यानं ओढ आणि मोकळं कर, पाळीची वेळ झाली. ती म्हणाली, सलसुद्धा आतच. मला राग आला. सल काय लपवायची असते? तिनं सल काढली, मागचं दार दाखवलं, आणि मी अख्ख्या इमारतीला वळसा घालून चप्पल घ्यायला पुढं आलो. चपला पुढं राहिल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यापासून तिनं लोकांना चपला हातात घेऊन आत यायला लावलं. चूक लक्षात आली की ती सुधारून मोकळी व्हायची, त्याचं भाषण करायची नाही.

अशी आणखी एक चूक तिनं केली होती. बाकावरच्या माणसाला नावानं हाक मारली की सगळ्यांना कळतं कोण आत गेला. म्हणून तिनं नावाऐवजी दिव्याचा नंबर पुकारायला सुरुवात केली. खाली उतरताना प्रत्येकाला डोक्यावरचा दिवा मिळतो, त्याचा नंबर ठरलेला. तिला वाटलं नंबरामागं माणूस झाकला जाईल. पहिला नंबर पुकारल्याबरोबर सगळा बाक हसत सुटला. खाणीत माणसाचं नाव एकवेळ कुणी विसरेल, दिव्याचा नंबर नाही विसरत. कोण वर आला, कोण खाली राहिला, ते नंबरावरच तर मोजतात. "मूळव्याध झालीय त्याला, आठवडाभर उभ्यानंच जेवतोय," असं कुणीतरी मागून म्हणालंसुद्धा. त्या दिवसानंतर ती कुणालाच पुकारायची नाही. बाकाजवळ यायची आणि मान हलवायची. ज्याच्याकडं बघितलं तो उठायचा.

आमच्याकडं आजाऱ्याची विचारपूस ही मोठी रीत. कुणी आजारी पडलं की पाव आणि मोसंबी घेऊन जायचं, बसायचं, आणि आजार पहिल्यापासून ऐकायचा. येईल त्या प्रत्येकाला घरच्यांनी तो नव्यानं सांगायचा. न सांगणं म्हणजे आलेल्याचा अपमान. त्यामुळं लोक बुचम्मालाही विचारायचे, आणि तिनं सांगितलं नाही की फुगून जायचे. माझी बायको राजव्वा एकदा मोसंबी घेऊन कुणाला तरी बघायला गेली, तर तो ग्लानीत. तिनं बुचम्माला विचारलं काय झालंय. बुचम्मा म्हणाली, त्यालाच विचार. राजव्वा म्हणाली, तो शुद्धीत नाही. बुचम्मा म्हणाली, मग मोसंबी सोलून खा, शुद्धीवर येईपर्यंत वेळ जाईल. राजव्वा ही गोष्ट चिडून सांगायला लागली आणि सांगता सांगता हसायला लागली.

मग ते वर्ष आलं. आठवड्यातून एकदा शहरातून एक वेगळा डॉक्टर यायला लागला. कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं, पण त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. मोठा रोग, एवढंच म्हणायचे. शेजारच्या वस्तीतल्या एका ट्रक ड्रायव्हरला तो झाल्याचं कळलं, तेव्हा त्याच्या घरच्यांना नळावरून हाकललं होतं. त्याच्या प्रेताला खांदा द्यायला फक्त त्याचे भाऊ होते, तेही हाताला पिशव्या बांधून. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. म्हणून त्या डॉक्टरच्या दिवशी बुचम्मा मुद्दाम बाकीच्यांनाही त्याच दिवशी बोलवायची. पट्टी बदलायची आहे, ये. रक्तदाब बघायचा आहे, ये. दिवसभर रांग. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस जातो म्हणून लोक शिव्या घालायचे. शिव्या खाऊन ती मान हलवायची, पुढचा माणूस उठायचा.

तिच्या पडद्यातून काही फुटलं नाही. फुटलं ते रक्त तपासणाऱ्या खोलीतून. तिथं नवीन लागलेला एक माणूस चहाच्या टपरीवर बोलला की लाकडाच्या टोळीतला एकजण त्या रोगाचा निघालाय. नाव घेतलं नाही. नाव घेतलं नाही म्हणजे आपण काही फोडलं नाही, असं त्याला वाटलं असावं.

अर्धी गोष्ट पुऱ्या गोष्टीपेक्षा वाईट. पुरी सांगितली असती तर एक माणूस मेला असता. अर्धी सांगितल्यानं आम्ही सगळेच संशयात आलो, आणि एकमेकांकडं बघायला लागलो.

खाली जेवण आम्ही एकत्र करायचो. एक फळी आडवी टाकायची, तिच्यावर सगळ्यांचे डबे उघडे. कुणाची अंबाडीची भाजी, कुणाचं चिंचेचं सार, कुणाची सुक्या मासळीची चटणी. हात कुणाच्याही डब्यात जायचा. आपला डबा आपणच खाल्ला असा दिवस मला आठवत नाही. टपरीवरच्या बोलण्यानंतर कुणी फळी टाकली नाही. प्रत्येकजण आपापला डबा मांडीवर घेऊन बसला, तोंड भिंतीकडं. पाण्याच्या कॅनला लावलेला पेला तसाच लटकत राहिला, लोक ओंजळीनं प्यायले.

आमच्यात मोंडय्या नावाचा एक होता. तोंडाचा फाटका, कामाला पक्का. त्या आठवड्यात पाचर ठोकताना त्याचा अंगठा चेचला. रक्त आलं. एरवी चारजण धावले असते. त्या दिवशी सगळे जागच्या जागी उभे. मोंडय्यानं दातांनी चिंधी फाडली आणि स्वतःच बांधली. मग म्हणाला, "बरं झालं. मला वाटायचं फक्त बायकोलाच मी नकोसा आहे." कुणी हसलं नाही. लांब खांब दोघांनी उचलून न्यायचा असतो. एकानं सोडला तर दुसऱ्याचा पाय जातो. तो खांब आता लोक एकमेकांचा घाम न लागेल असा धरू लागले. असं काम होत नाही. मी रायमल्लूला म्हटलं, हे असं चाललं तर रोगाच्या आधी दगडच आपल्याला खाईल. तो म्हणाला, म्हणूनच नाव कळायला पाहिजे.

त्याच संध्याकाळी तो मला घेऊन बुचम्माच्या घरी गेला. ती ओट्यावर भाजी निवडत होती.

"वहिनी, घरचा माणूस म्हणून विचारतोय," तो म्हणाला.

"घरचा आहेस तर जेवून जा. चुक्याची डाळ केलीय."

तो म्हणाला की तुला नाव घ्यायला लावत नाही, मी एकेकाचं नाव घेतो, तू नुसती गप्प राहा. ज्याच्या नावावर गप्प राहशील तो मला कळेल.

"मी सगळ्यांच्याच नावावर गप्प राहीन. सुरुवात तुझ्यापासून कर."

मग रायमल्लूनं दुसरी वाट धरली. वाईट सांगू नकोस, चांगलं तरी सांग. हा ओदेलू समोर उभा आहे. याला काही नाही एवढं सांगायला काय जातं? तो स्वतःच सांग म्हणतोय. मी मान डोलावली. मला खरंच वाटलं यात काही वावगं नाही. माझं मला लपवायचं नव्हतं.

बुचम्मानं भाजी बाजूला ठेवली. "ओदेलू, तुला तुझं ऐकायचं असेल तर उद्या दवाखान्यात ये. आत बस, तिथं तुला एकट्याला सांगतील. इथं ओट्यावर मी चांगलंही सांगणार नाही. एकेका चांगल्याला चांगला म्हणत गेले, तर शेवटी ज्याच्यावर गप्प बसेन तो उघडा पडेल. मग माझ्या गप्प बसण्याला काय किंमत राहिली?"

रायमल्लू ओट्याच्या कडेवर टेकला. मग म्हणाला की माझा भाऊ कुणीतरी न सांगितल्यामुळं मेला. तुझा नवरा. तडा दिसला होता आणि लपवला. मला लपवलेलं सहन होत नाही, आणि तुला कसं होतं ते मला कळत नाही.

त्याचं उत्तर तिनं दिलं नाही. आत जाऊन ताटं मांडली. आम्ही जेवलो. डाळ आंबट होती आणि चांगली होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या पट्ट्यांच्या पेटीत रबरी हातमोजे येऊन पडले. सोबत माझ्याकडं निरोप की कुणाचंही रक्त असो, हे घालूनच हात लावायचा. तुझं असो नाहीतर मुकादमाचं असो. ती म्हणे सगळ्यांनाच तसा हात लावते, म्हणून कोण आहे ते तिला आठवावं लागत नाही. मी मोजे टोळीला दाखवले. काहींनी घेतले. रायमल्लूनं घेतले नाहीत.

मग वस्ती तिच्यावर उलटली. रोग्याला पाठीशी घालते, हा एक बोल. नक्की पैसे खाल्लेत, हा दुसरा. तिसरा बोल मी लिहीत नाही, एकट्या बाईला लोक जो लावतात तोच तो. वरच्या साहेबानं तिला बोलावून विचारलं की लोकांत घबराट आहे, तू सहकार्य का करत नाहीस. ती म्हणाली, "साहेब, मागच्या वर्षी तुम्ही स्वतः पडद्यामागं येऊन गेलात. तेव्हा मी सहकार्य केलं नव्हतं, ते तुम्हाला चाललं." साहेबानं तिला जायला सांगितलं. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. साहेबाच्या दारावरच्या शिपायानं सांगितली.

बतुकम्माच्या सणात आमच्याकडं बायका रानफुलांची उतरंड रचतात, मधोमध ठेवतात आणि भोवती फेर धरून टाळ्या वाजवत गातात. त्या वर्षी रायमल्लूच्या बायकोनं सांगितलं, ही फेरात येणार असेल तर मी माझी फुलं घेऊन घरी जाते. बाकीच्या बायका तिच्या मागं झाल्या. बुचम्मा परत गेली नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तिनं आपली फुलं ठेवली आणि एकटीनं फेर धरला. एकटीचा फेर कसा दिसतो ते सांगायला नको. तिचा आवाज बरा नव्हता, तरी तिनं सगळी गाणी पुरी म्हटली, एक कडवं सोडलं नाही. राजव्वा माझ्याकडं बघत होती. ती उठली आणि त्या टोकाला गेली. दोघींचा फेर झाला. घरी आल्यावर म्हणाली, "मोसंबीचा राग आहे मला तिच्यावर. पण एवढा नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत रायमल्लूनं ठरवलं की शपथ घ्यायची.

खाणीच्या तोंडाशी मैसम्मा देवीचं ठाणं आहे. शेंदूर लावलेला दगड, वर कडुनिंब. खाली उतरण्याआधी प्रत्येकजण तिला हात लावून जातो. तिच्यासमोर खोटं बोलून खाली उतरायची हिंमत कुणात नाही. माझ्यात तर नाहीच, आणि मी फार देवदेव करणारा माणूस नव्हे. रायमल्लू म्हणाला, उद्या पहिल्या पाळीआधी सगळ्यांनी दगडावर हात ठेवून म्हणायचं, मला तो रोग नाही. जो म्हणणार नाही त्यानं दिवा परत करून घरी जायचं. तपासणी नको, डॉक्टर नको, वहिनी नको. आई निवाडा करील.

घरी राजव्वा म्हणाली, घेऊन टाक शपथ. तुला काही नाही हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. आणि मुलीच्या लग्नाचं बोलणं चाललंय. पाहुण्यांच्या कानावर लाकडाच्या टोळीचं गेलंच आहे, त्यांच्यासमोर तू स्वच्छ दिसायला हवास. ती बरोबर बोलत होती. शपथ घ्यायला मला काहीच पडणार नव्हतं. सत्यच तर बोलायचं होतं. मी म्हटलं, घेतो.

पण झोपेपर्यंत ते ओट्यावरचं बोलणं डोक्यातून जाईना. माझ्यानंतर मोंडय्या घेईल, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. सगळे खरं बोलणारे एकेक करून बाजूला होतील आणि तो एकजण उरेल. आम्ही कुणी त्याच्याबद्दल एक शब्द बोललेलो नसू. फक्त आपापलं चांगलं बोललेलो असू. त्यानंतर त्याला नळ नाही, खांदा नाही.

सकाळी आम्ही दिवे घेऊन ठाण्याशी उभे राहिलो. इतर टोळ्याही घोळका करून उभ्या, तमाशा बघायला. रायमल्लूनं दगडाला हळद लावली, नारळ फोडला. एवढ्यात बुचम्मा आली. दवाखान्याची निळी किनार असलेली पांढरी साडी, पायात चपला. बायका खाणीच्या तोंडाशी येत नाहीत, अपशकुन मानतात. लोक कुजबुजले. ती सरळ ठाण्यापर्यंत आली, चपला काढल्या, दगडाच्या पाया पडली आणि रायमल्लूकडं वळली.

"त्या दिवशी तू विचारलंस, मी उत्तर दिलं नाही," ती म्हणाली. "आज देते. तडा लपवणाऱ्यांनी माझा नवरा मारला, हे खरं. पण तडा कळला असता तर तुम्ही काय केलं असतं? खांब लावला असता. तुमच्यातल्या या माणसाचं कळलं तर काय लावणार आहात? सांग. त्याच्या घराला खांब लावणार असशील, तर मी आत्ता नाव सांगते. सगळ्यांसमोर सांगते."

रायमल्लूनं फोडलेल्या नारळाच्या वाट्या दगडासमोर नीट मांडल्या. घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, आम्हाला आमची पोरंबाळं आहेत, त्याचं काय.

ती त्या बाजूला वळली, पण आवाज चढवला नाही. "तुझी पोरं माझ्याकडं येतात. तूही येतोस. इथं उभ्या असलेल्या बहुतेकांचं काही ना काही माझ्या पोटात आहे. एकाचं काढायला लावलंत, तर बाकीच्यांचं आत राहील अशी हमी मी देऊ शकत नाही. आत्तापर्यंत देत आले."

ते बोलणं धमकीचं नव्हतं. पण घोळक्यात मी बऱ्याच लोकांना जमिनीकडं बघताना पाहिलं.

रायमल्लू तरीही मागं हटला नाही. मुकादम माणूस, शब्द टाकला होता. म्हणाला, बोलणी झाली, आता शपथ. वयानं ओदेलू मोठा, म्हणून पहिला तोच. ओदेलू, ये.

मी पुढं गेलो. दगडावर हात ठेवला, रोज ठेवतो तसा. मग हात काढला आणि म्हटलं, "मी शपथ घेत नाही."

रायमल्लूनं मला हळू आवाजात विचारलं, म्हणजे तू आहेस? मी म्हटलं, मी शपथ घेत नाही, एवढंच म्हणालो. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. लोक माझ्यापासून दोन पावलं मागं झाले. मान ताठ ठेवायला जोर लागतो हे मला तेव्हा कळलं. खांब उचलायलाही मला एवढा जोर लागला नव्हता.

मग मोंडय्या माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "मीही नाही घेत," तो म्हणाला. "मी इतक्या वेळा खोटं बोललोय की खरं बोललो तर आई घाबरेल."

कुणीतरी खुदकन हसलं. त्याच्यामागून एक आला, मग दुसरा. नुसते येऊन आमच्या बाजूला उभे राहिले. सगळे मनापासून आले असं मी म्हणत नाही. काहींना वाटलं असेल, पलीकडं एकटं उरायला नको. एक आमच्यात असा होता की त्याला शपथ घेताच आली नसती. तोही आमच्यात येऊन उभा राहिला असेल. कोणता ते बाहेरून कळत नव्हतं. तेवढ्यासाठीच तर उभे होतो.

शेवटी पलीकडं रायमल्लू एकटा राहिला. त्यानं दगडावर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

"रायमल्लू, हात काढ," बुचम्मा म्हणाली. "तू घेतलीस की उरलेल्यांत एक कमी होतो."

तो तसाच उभा राहिला. हळदीनं माखलेला हात दगडावर. पाळीचा भोंगा झाला. त्यानं हात काढला, पंच्याला पुसला आणि उताराला लागला. आम्ही त्याच्या मागं. त्यानं शपथ का घेतली नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी मोंडय्यानं फळी आडवी टाकली. आम्ही डबे ठेवले. रायमल्लू थोडा वेळ भिंतीशी बसून राहिला. मग उठला, त्यानं आपला डबा मधोमध ठेवला आणि म्हणाला, भाजीत मीठ जास्त पडलंय, बायकोचं डोकं ठिकाणावर नाही. आम्ही ती भाजी संपवली. मीठ खरंच जास्त होतं.

यानं सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. त्या दिवसापासून आमची सगळीच टोळी रोगट ठरली. दुसऱ्या टोळ्या आमच्या हातची पहार घ्यायच्या नाहीत. टपरीवाल्यानं आमच्यासाठी वेगळे कप काढले. मोंडय्यानं त्यातला एक कप चहा पिऊन झाल्यावर फोडला आणि म्हणाला, वेगळा आहे म्हणजे माझाच आहे. माझ्या मुलीचं ठरत आलेलं मोडलं. राजव्वा बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही, आणि तिला दोष देता येत नाही. मुलीचं पुढं दुसरीकडं झालं. जावई चांगला मिळाला, पण तो माझ्या शहाणपणामुळं मिळाला असं मी म्हणणार नाही.

साहेबानं एक तोड काढली. जो कुणी बाहेरून रक्त तपासून येईल आणि दाखवील, त्याला दुसऱ्या चांगल्या टोळीत घेऊ, वरच्या हवेच्या जागेत. आमच्यापैकी कुणी गेलं नाही. साहेबानं रायमल्लूला विचारलं, तू तरी? रायमल्लू म्हणाला, टोळी हलवायची तर सगळी हलवा. साहेबानं टोळी हलवली नाही.

बुचम्माची बदली झाली. दूरच्या खाणीच्या दवाखान्यात, जिथं जायला दोन बस बदलाव्या लागायच्या. ती गेली. तिथंही तिनं पहिल्या महिन्यात पडदा लावला म्हणे, आणि तिथल्या लोकांनीही शिव्या घातल्या. निवृत्त होईपर्यंत ती तिथंच होती. रायमल्लू दर सणाला तिच्याकडं जेवायला जायचा. काय बोलायचे कुणाला माहीत.

आमच्या टोळीतले काही आता नाहीत. एकजण लवकर गेला, पण लवकर जाणारे खाणीत पुष्कळ असतात. त्याच्या छातीत कोळसा होता, एवढं डॉक्टरनं सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला खांदा दिला. नंतर आणखीही गेले, त्यांनाही दिला. पुढं त्या रोगावर गोळ्या निघाल्या आणि लोक त्या खाऊन म्हातारे होऊ लागले. तो एकजण त्या खाऊन अजून कुठंतरी बसला असेल, किंवा नसेल.

तो कोण होता, मला माहीत नाही. मी शोधलं नाही. खांब उचलताना कुणी ढिला धरल्याचं, पाचर अर्धी ठोकून सोडल्याचं मला आठवत नाही. त्याच्या वाटचं काम त्यानं पुरं केलं, आम्ही सगळ्यांनी केलं. टोळी म्हणून तेवढंच आम्ही एकमेकांचं तपासायचो.